कोपऱ्यावरचं दुकान आणि मेराजचा रोजा

जाफरला सगळं जमायचं, फक्त मागायला जमायचं नाही. भर उन्हात रियाधच्या रस्त्यावर तहानेनं जीव कासावीस झाला असता, तरी तो कुणाला ‘पाणी द्या’ म्हणाला नसता. ‘आज ऊन फार आहे, नाही का’ एवढंच म्हणाला असता आणि समोरच्याच्या डोक्यात उजेड पडायची वाट बघत उभा राहिला असता. आता समोरच्याचं डोकं म्हणजे काय जाफरची जहागीर? उजेड पडायचा तेव्हा पडायचा, नाही तर नाही. त्याची बायको हफीजा म्हणायची, ‘तुमच्या तोंडाला कुलूप कुणी घातलं ते माहीत नाही, पण किल्ली समुद्रात टाकली हे नक्की.’

असा हा माणूस रत्नागिरीकडचा. रियाधच्या बथा बाजारात दहा-बारा वर्षं चहाचं दुकान चालवत होता. चहा, अंड्याचं सँडविच आणि हफीजा इथं असेपर्यंत तिच्या हातचे खिम्याचे समोसे. अशा दुकानाला तिथं बुफिया म्हणतात. दुकान जाफरचं म्हणायचं, पण कागदावर ते अबू राशिदचं, कारण परदेशी माणसाच्या नावावर दुकान होत नाही. अबू राशिद त्याचा कफील, म्हणजे त्याला जामीन राहिलेला इथला मालक. जाफरचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, जाफरचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्याच्या सहीनं, आणि जाफरच्या दुकानाला लागून असलेली ती बुटकी, पोपडे उडालेली अख्खी रांगही त्याच्याच मालकीची. म्हातारा वाईट नव्हता. भाडं वेळेवर पोचलं की वर्षभर ढुंकून बघायचा नाही.

कुवेतवरून इराकशी लढाई सुरू झाली तेव्हा रांगेतली बाकीची दुकानं एकेक करून बंद झाली. जाफर मात्र काउंटरवर होता. रात्री भोंगे वाजायचे, आकाशात धडाधड आवाज व्हायचे, लोक खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून आत बसायचे. पण सकाळ झाली की चहा लागायचाच. आणि चहाबरोबर लागायचा जाफरचा पेपर.

ही त्या दुकानाची जुनी रीत. जाफर बारावीपर्यंत शिकलेला. इंग्रजी पेपर तो वाचायचा आणि कोकणातली मंडळी भोवती बसून ऐकायची. पण पहिलं पान नाही हं! जाफर थेट आतलं, धंद्याचं पान उघडायचा. कुठल्या कंपनीला कुठलं काम मिळालं, जिझानच्या बंदरात काय चाललंय, कुठं नवा रस्ता निघतोय. त्यावर या सुतार-गवंड्यांची पुढची वर्षं ठरायची. लढाईच्या दिवसांतही त्यानं रीत मोडली नाही.

“अहो जाफरभाई, जरा क्षेपणास्त्रांचं तरी वाचा,” दौलत म्हणायचा. दौलत गुहागरकडचा, सेंटरिंगचा सुतार. तो अबू राशिदच्याच बांधकामांवर कामाला होता. रोजचं गिऱ्हाईक आणि जाफरचा इथला एकमेव जिवाभावाचा माणूस.

“क्षेपणास्त्र काय वाचायचं? पडलं की कळतंच,” जाफर म्हणायचा. “पाडणाऱ्याचं राहू दे. बांधणाऱ्याचं ऐक, त्यात तुझं पोट आहे.”

तर जानेवारी सरता सरता एका सकाळी जाफर असाच वाचत होता. मनाशी इंग्रजी आणि तोंडानं मराठी, असं त्याचं चालायचं. “बथा भागात सहा मजली व्यापारी संकुल उभं राहणार. काचेची दर्शनी बाजू, सरकते जिने, तळघरात गाड्या. लढाईमुळे कामाला खीळ बसणार नाही, असं मालकाच्या चिरंजीवांनी सांगितलं. चिरंजीव अमेरिकेत, ओहायो राज्यात शिकून आलेत. तिथली शहरं जुने बाजार पाडूनच पुढे गेली, असं त्यांचं म्हणणं.”

“वा! सेंटरिंग भरपूर,” दौलत खूश झाला. “पण कुठं म्हणे?”

“जुन्या पेट्रोल पंपासमोरची दुकानांची पडीक रांग पाडून…” जाफर वाचता वाचता थांबला. पेट्रोल पंप त्याला काउंटरवरून दिसत होता. पंपावरचा माणूस त्याच्याकडेच बघून हात हलवत होता.

 ‘पडीक’ हा शब्द जाफरला फार लागला. पाडा म्हणावं, पण पडीक? रोज सकाळी तो स्वतःच्या हातानं फरशी पुसत होता की!

“जाफरभाई,” दौलत हळूच म्हणाला, “म्हाताऱ्याला भेटा. नव्या बिल्डिंगमध्ये एक गाळा मागा. तुमचा हक्क आहे.”

“त्यांना दिसत नाही का मी इथं आहे ते?”

“त्यांना सहा मजले दिसतायत. तुमी तळाला हाव.”

जाफरनं पेपर घडी करून ठेवला आणि उगाच गॅस मोठा केला. दुकान गेलं तर इकाम्यालाही अर्थ उरत नव्हता. सामान बांधायचं आणि गावी जाऊन आंब्याच्या पेट्या मोजायच्या. आणि दुसरं एक होतं, ते त्यानं दौलतला सांगितलं नाही. दुकान राहिलं तरच हफीजा परत येऊ शकत होती.

हफीजा आणि मुलगी उमामा लढाईआधी दोन-तीन महिने गावी गेल्या होत्या. कुवेत पडल्यावर सगळीच कुटुंबं निघाली होती, तशा याही. व्हिसा कायमचा संपवून गेल्या. आता परत यायचं तर कफिलानं नव्यानं अर्ज करायला हवा. जायच्या आदल्या दिवशी हफीजानं दोनदा विचारलं होतं, ‘मग जाऊ ना मी?’ जाफर म्हणाला, ‘तुला बरं वाटेल तसं कर.’ तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उमामाचे कपडे भरायला घेतले. विमानतळावरून परत आल्यावर खोलीत इतकी शांतता होती की त्याला जेवण गेलं नाही. ‘नको जाऊस’ हे दोन शब्द त्याच्या घशात तेव्हापासून अडकून बसले होते.

आठवड्याच्या फोनला त्यानं बातमी सांगितली. गावात फोन शेजारच्या खतीजाबीकडे. आधी फोन करून निरोप द्यायचा, मग हफीजा चपला शोधत येईपर्यंत थांबून पुन्हा लावायचा.

“मग तुम्ही मागितलंत का?” तिचा पहिला प्रश्न.

“बघू. विषय निघाला तर…”

“विषय काय आपल्या पायांनी चालत येणार आहे का? अहो, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणि हा तर अरब!”

“तो भला माणूस आहे.”

“भला आहे म्हणूनच म्हणते, शब्द टाका. वाईट असता तर गप्प बसा म्हटलं असतं.”

फोन ठेवताना उमामा मध्येच घुसली, “अब्बू, डोन्ट बी शाय,” म्हणाली. घ्या! पोरगीसुद्धा ओळखून होती.

अबू राशिदचं कुटुंब लढाईच्या भीतीनं जेद्दाला गेलं होतं. फेब्रुवारीत म्हातारा एकटाच परतला. ‘माझ्या घरातून मला कुणी उठवू शकत नाही,’ असं म्हणाला म्हणे. तो आल्याचं कळल्यावर ओळखीपाळखीचे लोक त्याच्या बैठकीत खुशाली विचारायला जाऊ लागले. जाफरलाही जाणं भागच होतं. त्यानं मनाशी ठरवलं, जायचं, बसायचं, तब्येत विचारायची. दुकानाचा विषय त्यांनी काढला तर बोलायचं. आपण काढायचा नाही. मेहेरबानी कसली मागायची!

जायचा दिवस निघाला तो मात्र नेमका मेराजचा, पैगंबरांच्या आकाशयात्रेच्या आठवणीचा. आता आपल्या कोकणात रजब महिन्याच्या सत्ताविसाव्याला रोजा ठेवणारी घरं पुष्कळ. जाफरच्या आईनं तो कधी चुकवला नव्हता. ती गेल्यावर जाफरनंही चुकवला नाही. पण सौदीत हा रोजा कुणी ठेवत नाही. उलट, ही तुमची नवी काढलेली रीत, धर्मात नाही, म्हणून चार गोष्टी ऐकवतात. म्हणून जाफर दरवर्षी गुपचूप रोजा ठेवायचा. दिवसभर गिऱ्हाइकांना चहा पाजायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर तो बैठकीत पोचला. लांबलचक गालिचा, भिंतीला टेकून बसलेले पांढऱ्या दाढीचे आठ-दहा शेजारी, मध्ये अबू राशिद. जाफर सलाम करून दाराजवळ बसला. एक सुदानी माणूस पितळी भांड्यातून वेलदोड्याची कॉफी ओतत फिरत होता. त्यानं जाफरच्या हातात छोटी कपली दिली.

आता आली का पंचाईत! ‘नको’ म्हणावं तर घराचा अपमान. ‘रोजा आहे’ म्हणावं तर दहा दाढ्या विचारणार, कसला रोजा? जाफरनं डोकं चालवलं. कपली घेतली, मान लववली आणि गालिच्यावर स्वतःसमोर अलगद ठेवून दिली. गप्पांच्या नादात कुणाच्या लक्षात येणार आहे, असं त्याला वाटलं.

हे कोकणातल्या माणसालाच वाटू शकतं. आपल्याकडे पाहुण्यानं कप खाली ठेवला तर घरची बाई म्हणेल, ‘गार होतोय हो, घ्या.’ वाळवंटातल्या माणसाकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे आणि तो पोरासोरांनाही ठाऊक असतो. पाहुण्यानं कॉफी न पिता समोर ठेवली, म्हणजे तो काही मोठं मागायला आलाय. यजमान हो म्हणेपर्यंत तो कपाला ओठ लावणार नाही. आणि न पिता उठून गेला, तर यजमानाची सात गावांत नाचक्की.

जाफरला यातलं काडीचं माहीत नव्हतं. दहा-बारा वर्षं राहिला, पण बैठकीत बसायचा प्रसंग कितीसा येणार चहावाल्याला! त्याला एवढंच जाणवलं, की गप्पा हळूहळू विरत चालल्या आहेत. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. सुदानी भांडं घेऊन जागच्या जागी उभा राहिला. सगळ्यांच्या नजरा त्या कपलीवर.

“जाफर, कॉफी,” अबू राशिद म्हणाला.

“अल्लाह तुम्हाला सुखी ठेवो,” जाफर म्हणाला आणि जागचा हलला नाही.

म्हातारा ताठ बसला. “फार दिवस आहेस माझ्या सावलीत. कधी काही मागितलं नाहीस.” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “पी. जे घ्यायला आलास ते तुला दिलं.”

जाफरच्या कानांत गरम वारा शिरल्यासारखं झालं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याचं मनगट दाबलं. “बोल रे बाबा, काय पाहिजे ते. कप ठेवलास ना? त्यानं शब्द दिला.”

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडताच जाफरच्या तोंडून एकच शब्द निसटला, “दुकान.”

“दुकान तुझं,” अबू राशिद म्हणाला. “नव्या इमारतीत, रस्त्यावरचं, कोपऱ्याचं. हे सगळे साक्षी. आता पी.”

आता पी! लोक ‘वाहवा, अल्लाह तुझं तोंड उजळ करो’ म्हणून म्हाताऱ्याला शाबासकी देत होते आणि जाफर त्या कपलीकडे बघत होता. सूर्य मावळायला अजून अवकाश होता. न प्यावं तर दिलेलं दुकान गेलं. प्यावं तर आईचा रोजा गेला. त्यानं आईची मनात माफी मागितली आणि एका घोटात कॉफी संपवली. इतकी कडू कॉफी तो आयुष्यात प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं रोजा भरून काढला, पण मनातली उणीव काही भरून निघेना. नफिल, म्हणजे ऐच्छिक रोजा पाहुणचाराखातर सोडता येतो, हे त्याला ठाऊक होतं. पण पाहुणचाराखातर कुठं सोडला होता? हफीजाला फोनवर त्यानं दुकान मिळाल्याचं सांगितलं, पण कसं मिळालं ते गिळलं. तिनं तिकडे आनंदानं खतीजाबीला मिठी मारल्याचं त्याला ऐकू आलं. त्यामुळे तर अजूनच खायला उठलं.

शेवटी त्यानं दौलतला सगळं सांगितलं. दौलत आधी पोट धरधरून हसला.

“म्हणजे म्हातारा समजला तुमी हटून बसलाव! आणि तुमी बसलाव उपाशी!”

“हसू नकोस. फसवलं मी त्याला.”

“तुमी कुठं फसवलंत? तो फसला. पदरी पडलं पवित्र झालं.”

दौलत मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. असली रंगतदार गोष्ट त्याच्यानं ठेववते का? साइटवर जेवायच्या सुट्टीत त्यानं ती सांगितली. तिथून ती मलबारी फोरमनकडे गेली, फोरमनकडून इजिप्शियन इंजिनिअरकडे, आणि लढाई संपून शहरात पुन्हा गाड्या धावू लागल्या, तोवर अबू राशिदच्या पोराच्या, राशिदच्या कानांवर पोचली. राशिदला तर हे हवंच होतं. कोपऱ्याची जागा त्यानं केव्हाच एका बँकेला कबूल केली होती, सह्या झाल्या होत्या, आणि बापानं भर बैठकीत ती चहावाल्याला देऊन टाकली होती. बापलेकांत त्यावरून बोलणं बंद होतं.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस असरनंतर पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. आधी राशिद उतरला. मग अबू राशिद काठी टेकत आला, बाकावर बसला. जाफरनं चहा दिला, म्हातारा तो शांतपणे प्यायला. आत दौलत आणि आणखी दोघं-तिघं होते. गाडी बघताच दौलतचा चेहरा पडला आणि तो खालच्या फरश्या बघायला लागला.

“जाफर,” अबू राशिद म्हणाला, “तुला एक विचारायचंय, खरं सांग. त्या दिवशी कॉफी समोर ठेवलीस, ती मागायला आला होतास म्हणून ठेवलीस का?”

राशिद काउंटरला टेकून किल्ल्यांशी चाळा करत होता. त्याला उत्तर आधीच माहीत होतं. पण उत्तर जाफरच्या तोंडचं लागणार होतं, हेही त्याला माहीत होतं. जाफर ‘हो’ म्हणाला असता, तर म्हातारा मेला असता पण शब्द फिरवला नसता. बँक गेली असती, सह्या गेल्या असत्या, कोपरा जाफरचा झाला असता. पोटातलं कोण बघायला येतंय? एक ‘हो’ पुरे होता.

“नाही,” जाफर म्हणाला. “रोजा होता.”

राशिदनं सुस्कारा सोडला.

“कसला रोजा?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“मेराजचा. माझी आई ठेवायची. आमच्याकडे ठेवतात.”

“आपल्यात असला रोजा नाही,” राशिद म्हणाला.

“तुला विचारलेलं नाही.” म्हातारा पुन्हा जाफरकडे वळला. “पण कॉफी तर प्यायलास तू.”

“प्यायलो. रोजा मोडला.”

“माझ्या घराची इज्जत राखायला?”

किती छान उत्तर आयतं हातात ठेवलं होतं त्यानं! जाफरला क्षणभर मोह झाला. मग तो म्हणाला, “नाही. दुकानासाठी.”

बाहेर पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवला. “मग माझा शब्द?”

“शब्द तुमचा तुम्हाला परत. मी मागितलंच नव्हतं. न मागितलेलं कसं ठेवून घेऊ?”

“खलास,” राशिद म्हणाला आणि किल्ल्या खिशात टाकल्या. अबू राशिदनं काठी उचलली, गुडघ्यावर हात देऊन उठला. “तू खरा माणूस आहेस, जाफर,” म्हणाला आणि दाराकडे वळला.

खरा माणूस! जाफर त्याच्या पाठीकडे बघत राहिला आणि त्याला स्वतःचा असा काही राग आला, की हातातलं फडकं त्यानं काउंटरवर आपटलं. झालं! पुन्हा तेच! सगळे वाहवा करणार, जाफर भला, जाफर सरळ, आणि जाफर हात हलवत गावी जाणार. हफीजा निघाली तेव्हाही तो असाच भला माणूस बनून दारात उभा होता. आग लागो त्या भलेपणाला!

“थांबा!” तो ओरडला. इतक्या मोठ्यानं, की त्याचा तोच दचकला. म्हातारा उंबऱ्यात वळला.

“अबू राशिद, बसा. तेव्हा मागितलं नव्हतं. आता मागतो.”

“बाबा, चला,” राशिद म्हणाला. म्हातारा येऊन बसला.

 जाफरनं काउंटर घट्ट धरला. “मला नव्या इमारतीत दुकान पाहिजे. फुकट नको, भाडं देईन, पण पाहिजे. या जागेवर माझं वय गेलं. लढाईत अख्खी रांग बंद होती, माझं दार उघडं होतं. पेपरात तुम्ही पडीक लिहून आणलंत. पडीक नव्हती ही जागा, मी होतो इथं. मला दुकान पाहिजे.”

दौलतनं मान वर केली. त्यानं जाफरला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“कोपरा बँकेला दिलाय,” राशिद म्हणाला.

“कोपरा बँकेला लखलाभ. शेजारचा द्या.”

“नकाशात चहाचं दुकान बसत नाही. फार तर मागे, जिन्याखाली…”

“जिन्याखाली नको,” जाफर म्हणाला. “जिन्याखाली झाडू ठेवतात. रस्त्याकडे तोंड पाहिजे. आणि पाण्याचा नळ आतच पाहिजे, इथं मी बादल्या वाहून मेलोय.”

अबू राशिद आधी गालात हसला, मग खोकला येईपर्यंत हसला. “अरे, इतकी वर्षं कुठं होतं हे तोंड?” मग तो पोराकडे वळला. “राशिद, तुझ्या त्या अमेरिकेतल्या गावाबद्दल तूच सांगायचास. सगळं काचेचं केलं आणि संध्याकाळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. काम संपलं की माणसं गाडीत बसून पळतात. होय ना?”

“बाबा, ते वेगळं…”

“चहा असता तर थांबली असती. बँकेच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड. नकाशा बदल.” त्यानं काठी आपटली. “आणि हे मी कपाकडे बघून देत नाहीये. यानं मागितलं म्हणून देतोय.”

राशिदनं बापाचा चेहरा पाहिला. मग कुरकुरत का होईना, पण नळाची लाइन कुठून घेता येईल ते इंजिनिअरला विचारतो म्हणाला.

“आणखी काही?” अबू राशिदनं उठता उठता विचारलं. तसं आपण सगळेच विचारतो, समोरचा ‘नाही, नाही’ म्हणणार हे धरून.

“हो,” जाफर म्हणाला. “माझ्या बायकोचा आणि मुलीचा व्हिसा. अर्जावर तुमची सही लागेल.”

म्हाताऱ्यानं दौलतकडे बघून हात वर केले. “पळा रे, नाही तर हा माझं घर मागेल,” म्हणाला. पण अर्ज घेऊन उद्याच ये, असंही म्हणाला.

गाडी गेली. दौलत जवळ आला, त्याचे डोळे पाणावले होते. “जाफरभाई, माझी जीभ झडो. चूक झाली.”

“झाली खरी,” जाफर म्हणाला. “पण तू बोलला नसतास तर मी कधी बोललो असतो? जा, चहा तू ओत आज. मला फोनला जायचंय.”

टेलिफोनच्या केबिनमध्ये गर्दी होती. खतीजाबीनं फोन उचलला, निरोप घेतला. जाफर रांगेत पुन्हा उभा राहिला, पुन्हा नंबर लावला. हफीजा धापा टाकत आली.

“काय झालं? दुकानाचं काही बिनसलं का?”

त्यानं सगळं सांगितलं. रोजा, कप, कोपरा, बँक, नळ. काहीच गिळलं नाही. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे हफीजाच्या बाबतीत जरा काळजीचंच.

“म्हणजे तुम्ही मागितलंत,” ती शेवटी म्हणाली. “स्वतःच्या तोंडानं.”

“हो. आणि व्हिसाचंही मागितलं. उद्या सही होतेय. आता तुला बरं वाटेल तसं…” तो थांबला. मागे रांगेतला माणूस दारावर टकटक करत होता. जाफरनं त्याच्याकडे पाठ केली.

“नाही, तसं नाही. हफीजा, तू ये. मला तुझ्यावाचून राहवत नाही. तेव्हाच ‘जाऊ नकोस’ म्हणायला हवं होतं, नाही म्हणालो, चुकलो. आता म्हणतोय, ये.”

 पलीकडे तिनं नाक ओढलं.

“बॅग अजून माळ्यावर चढवलेली नाही मी,” हफीजा म्हणाली. “तिथंच ठेवलीय, दाराशी.”